सदोबाला समजून घेणारी बाई

इंदिराबाई गर्गे इतक्या भित्र्या, की नाशिकला हिरावाडीतल्या त्यांच्या सोसायटीत त्यांच्या भित्रेपणावर विनोद चालत. गॅस बंद केला का हे पाहायला त्या जिन्यातून परत फिरत, आणि खाली आल्यावर कुलूप ओढून बघितलं का म्हणून पुन्हा वर जात. लिफ्टमध्ये एकट्या चढत नसत. द्वारका चौक ओलांडायचा तर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईचाही हात धरत. एसटीच्या कार्यालयात टायपिस्ट म्हणून सगळी नोकरी गेली, पण साहेबांच्या दारावरची त्यांची टकटक साहेबांना पहिल्या खेपेला कधी ऐकू गेली नाही. त्यांचे यजमान गंगाधरराव स्वभावाने थंड. ते म्हणत, "आमच्याकडे झुरळ निघालं तर आधी झुरळाला धीर द्यावा लागतो."

अशा बाईने निवृत्तीनंतर कादंबरी लिहिली. आता निवृत्तीनंतर माणसं लिहितात, त्यात नवल नाही. कुणी पाककृती लिहितं, कुणी चारधामचं प्रवासवर्णन लिहून नातेवाइकांना वाटतं. इंदिराबाईंनी लिहिलं ते सदोबावर.

सदोबा कोण, हे सांगायला हवं. ‘मंजुळेची विहीर’ ही शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी. तिच्यातली मंजुळा एका मेंढपाळाशी लग्न करायचं म्हणते, आणि तिचा थोरला भाऊ सदोबा तिला मळ्यातल्या विहिरीत ढकलतो. शेवटचं प्रकरण शाळेत धडा म्हणून होतं. मंजुळा आतून हाका मारते आणि सदोबा काठावर पाठ करून उभा राहतो. हा धडा वाचताना वर्गच्या वर्ग रडत. बहिणीला धाकात ठेवणाऱ्या भावाला त्या काळी घरोघरी सदोबा म्हणायचे.

शाळकरी इंदिराही रडली होती, पण तिचं डोकं भलतीकडेच गेलं. हा माणूस पाठ करून का उभा राहिला? रागावलेला माणूस बघत राहील. पाठ फिरवतो तो घाबरलेला असतो. भीतीचं इंदिरेला सगळं कळायचं, तळहात कसे ओले होतात इथपासून. सदोबा गावाला घाबरला, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं आणि ते मनात धरून ती म्हातारी झाली. मग एकदाचं लिहून काढलं: ‘सदोबाची बाजू’.

त्यात सदोबाचं बहिणीवर जिवापाड प्रेम आहे. पारावर बसणाऱ्यांच्या नजरा त्याला झोपू देत नाहीत. शेवटच्या दिवशी तो घरात पुरण घालायला लावतो, बहिणीला स्वतःच्या हाताने भरवतो, मग तिला मळ्यात नेतो आणि परत येऊन रिकाम्या ताटापुढे रडतो. ते प्रकरण लिहिताना इंदिराबाई स्वतःच ओक्साबोक्शी रडल्या, आणि आपलं लिहिलेलं वाचून आपल्यालाच रडू आलं म्हणजे ते चांगलं असणार, असा त्यांचा समज झाला. पुष्कळ लेखकांचा होतो.

पुस्तक नाशिकच्याच एका छोट्या प्रकाशकाने काढलं. आपल्याकडे लेखकाचा पत्ता आणि मोबाइल नंबर पुस्तकात छापायची पद्धत आहे, वाचकाला वाटलं तर बोलता यावं म्हणून. लिफ्टला घाबरणाऱ्या या बाईने आपला फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव, जवळची खूण म्हणून पिठाची गिरणी, सगळं हौसेने छापायला दिलं. गंगाधरराव म्हणाले, "चावी कुठे ठेवतो तेही लिही." त्या हसल्या. त्यांना वाटलं होतं, फार तर चार ओळखीचे फोन येतील.

फोनांची रीघ लागली. संगमनेरहून एका गृहस्थांनी ‘हॅलो’सुद्धा न म्हणता विचारलं, "तुम्हाला बहीण आहे का?" आणि उत्तर न ऐकता फोन आपटला. सटाण्याच्या एक निवृत्त बाई अहिराणी वळणात म्हणाल्या, "पुस्तक भारी शे, पण मी ते घरात ठेवणार नाही, माझ्या नाती मोठ्या होतायत." कुणी एक आभा नावाची कॉलेजातली मुलगी म्हणाली की सदोबा तिला हवाहवासा वाटला, आणि त्याची स्वतःला लाज वाटली. कॉलेज रोडच्या वाचक मंडळात एका आजोबांनी उभं राहून सुनावलं, "उद्या दरोडेखोराची बाजू मांडाल, परवा सापाची." तरी इंदिराबाई सगळ्यांना "आभारी आहे" म्हणत राहिल्या. शिव्या देणाऱ्यालाही आभारी आहे. लेखकाने नम्र असावं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

फोन वाजला की कुणी घरावर येईल, काळं फासेल, दगड मारील, असं काय काय त्यांच्या मनात यायचं. रागावलेल्या वाचकांना त्या भीत होत्या. आणि नेमकं इथेच त्यांचं चुकलं.

महेशचा पहिला फोन आला तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं. आवाज तरुण, मवाळ. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

"बाई, मी महेश. दिंडोरीकडून बोलतोय. आमची द्राक्षं हायेत. तुमचा सदोबा लय पटला."

"आभारी आहे."

"लोकं नुसतं त्याला वाईट म्हनत्यात. त्याच्यावर काय गुदरलं ते कुनी बघितलं? तुम्ही बघितलं बाई."

एवढ्या शिव्यांनंतर असं कुणी बोललं की कुणाचंही मन विरघळेल. इंदिराबाईंनी घरची चौकशी केली. आपण मराठी माणसं चौकशी केल्याशिवाय फोन ठेवतो थोडंच? वडील वारलेले, घरी आई. धाकटी बहीण यशश्री, नाशिकला मुंबई नाक्याकडे एका कॉलेजात नर्सिंग शिकते, होस्टेलला राहते. इंदिराबाई म्हणाल्या, "वा, छान."

त्यानंतर त्याचे फोन येत राहिले. गंगाधरराव चिडवायला लागले, "तुझ्या चाहत्याचा फोन आला बघ." महेश पुस्तकातली वाक्यं पाठ म्हणून दाखवायचा. मग हळूहळू पुस्तक मागे पडलं आणि घरचं पुढे आलं. यशश्रीने एक पोरगा बघितलाय. पोरगा चांगला आहे, नोकरीला आहे, पण आपल्यातला नाही. गावात कळलंय. सलूनमध्ये गेलं की लोक बोलायचे थांबतात. भावकीतला एक जण म्हणाला, तुझ्या बापाच्या माघारी घराला कुनी मानूस उरला नाय का? हे सांगताना महेशचा आवाज चिरकला. इंदिराबाई म्हणाल्या, "होईल हो सगळं नीट. वेळ जाऊ द्या." खरं तर त्यांना त्याची दया आली होती. तो त्यांच्या सदोबासारखाच बोलत होता, आणि त्याचं त्यांना मनातून थोडं कौतुकही वाटलं. हेही सांगितलंच पाहिजे.

एका गुरुवारी सकाळी त्या मटार सोलत बसल्या होत्या. महेशचा फोन आला.

"बाई, एक इचारायचं होतं. सदोबानं आधी तिला जेवू का घातलं?"

लेखकाला आपल्या पुस्तकातल्या बारकाव्याबद्दल कुणी विचारलं की त्याला भान राहत नाही. इंदिराबाई खुलल्या. "त्याचं प्रेम होतं ना तिच्यावर. शिवाय तिला संशय यायला नको. दोन्ही आहे त्यात."

"बराबर. मलाबी तसंच वाटलं." तो पुढे म्हणाला, "रविवारी येतीये ती. आईला म्हनलंय, पुरनाचं कर."

इंदिराबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "घरी काही कार्यक्रम आहे का?"

"नाय. आमी तिघंच. जेवान झालं का आई मामाकडं जानार हाय." आणि मग अगदी सहज, पावसापाण्याचं बोलावं तसं तो म्हणाला, "आमच्या मळ्यातल्या हिरीला बी पायऱ्या हायेत बाई. तुमी लिवल्यात तशाच. तुमी कधी आलत्या का काय आमच्याकडं?"

इंदिराबाईंनी फोन ठेवला. तळहात ओले झाले होते. गंगाधरराव पेपर वाचत होते, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, विहिरीला पायऱ्या असतातच." पण पेपरचं पान त्यांनी उलटलं नाही. जरा वेळाने तेच म्हणाले, "पोलिसांना सांग."

पोलिसांना फोन केला. पलीकडचा माणूस सभ्य होता, त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, भावाने बहिणीला जेवायला बोलावलंय. यात मी काय लिहू? मुलगी स्वतः येऊन बोलली तर बघता येईल." त्याचंही काय चुकलं? इंदिराबाईंच्या हातात होतं तरी काय? एका वाचकाने एका कादंबरीचं कौतुक केलं होतं.

शुक्रवारभर त्यांनी स्वतःला समजावलं. आपण घाबरट, आपल्याला सगळीकडे नसतं ते दिसतं. तो पोरगा मवाळ आहे. उगाच त्या मुलीच्या मनात भावाविषयी विष कालवायचं, आणि तो भडकला तर? त्याला आपला पत्ता माहीत आहे. फ्लॅट नंबर, सोसायटी, पिठाची गिरणी. या विचाराशी आलं की त्या म्हणायच्या, जाऊ दे, आपल्याला काय करायचंय. पण लगेच डोळ्यांपुढे ते ताट यायचं. पुरणपोळी, वर तुपाची धार, आणि भरवणारा हात. ते ताट त्यांनीच वाढलं होतं.

शनिवारी सकाळी त्या एकट्या रिक्षात बसल्या. गंगाधरराव येतो म्हणाले, तर नको म्हणाल्या. पुरुषमाणूस बघून मुलगी बोलायची नाही. होस्टेलच्या फाटकावर वॉचमनने नाव विचारलं. त्यांनी खरं नाव सांगितलं. खोटं सांगायची हिंमत कुठून आणणार?

यशश्री खाली आली. उंच, हसऱ्या चेहऱ्याची, केस नुकतेच धुतलेले. नाव ऐकल्याबरोबर तिने वाकून नमस्कारच केला.

"तुम्ही गर्गे मॅडम? ‘सदोबाची बाजू’वाल्या? दादानं दिलंय मला तुमचं पुस्तक!"

इंदिराबाई आवारातल्या बाकावर बसल्या.

"दोन महिने आम्ही बोलत नव्हतो," यशश्री सांगत होती. "मी फोनच उचलायची नाही त्याचा. मग तो आला, पुस्तक दिलं, म्हणाला, हे वाच, मग तुला माझं कळंल. वाचलं मी. लई रडले मॅडम. मला नुसतं माझंच दिसत होतं. दादा किती एकटा पडला असंल, हे तुमच्यामुळं कळलं. म्हणून तर उद्या चाललेय घरी."

इंदिराबाई आयुष्यात पुष्कळदा घाबरल्या होत्या. कुत्र्यांना, विजेला, साहेबाला, रात्रीच्या बेलला. पण त्या बाकावर जी भीती त्यांना चढली तिच्यापुढे ती सगळी पोरखेळ होती. ज्यांना त्या भीत होत्या ते सगळे वाचक आपापल्या घरी सुखरूप होते. ही एक हसऱ्या तोंडाची वाचक, पुस्तक पुरतं समजलेली, विहिरीकडे चालली होती.

त्यांनी तिला फोनवरचं सगळं सांगितलं. पुरण, मामाकडे जाणारी आई, पायऱ्या. यशश्रीचं हसू मावळलं, पण तिने मान हलवली.

"नाय मॅडम. तुमचा गैरसमज झालाय. दादा तसा नाय. तो रडला माझ्यापुढं."

"सदोबाही रडतो."

"हां, पण तो रडतो ते खरं असतं ना? तुम्हीच लिहिलंय."

खरंच तर होतं. इंदिराबाई तिच्याकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, जी लिहिताना कधीच आली नव्हती.

"यशश्री," त्या म्हणाल्या, "माझ्या पुस्तकात मंजुळा काय बोलते, सांग बरं."

मुलगी आठवू लागली. "ती... ती हसते. पोळी खाते. आणि..."

"बोलते काय?"

"काहीच नाय," यशश्री हळू म्हणाली.

"एक वाक्य नाही. सबंध पुस्तकात एक वाक्य नाही, आणि मला ते आज कळतंय. जुन्या कादंबरीत ती हाका तरी मारते. मी सदोबाजवळ इतकी सरकून बसले की मला तिचा आवाजच आला नाही. तू माझ्या पुस्तकावर विश्वास ठेवून जाऊ नकोस, बाळा. मी ते त्याच्या बाजूने लिहिलंय. तू त्या बाजूला नाहीस." आणि एवढं बोलून भर आवारात त्या रडायला लागल्या. "त्याला भीती वाटते, हे खरं आहे. त्याची मला दया येते, हेही खरं आहे. पण त्याची भीती घालवायला तू कशाला मरायचंस?"

यशश्री ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग तिने विचारलं, "तुम्हाला नक्की माहितीये?"

"नाही," इंदिराबाई म्हणाल्या. "नक्की काहीच माहीत नाही. मी नुसती घाबरलेय."

ते ऐकूनच असेल, मुलीचा चेहरा बदलला. तिने आईला फोन लावला आणि विचारलं, उद्या जेवणानंतर तू कुठं जाणार आहेस का? आई म्हणाली, हो, महेशच म्हणाला मामाला भेटून ये, त्यानं गाडीची पण सोय केलीय. यशश्रीने फोन ठेवला तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. म्हणाली, "मी आज निघते इथून. पोलिसांत अर्ज देते आणि जाते. एक मैत्रीण आहे, तिच्याकडं, तिकडं..."

"थांब!" इंदिराबाईंनी तिच्या तोंडावर हातच ठेवला. "मला सांगू नकोस. मी भित्री आहे. कुणी दरडावलं की मी सगळं सांगून टाकीन. मला माहीतच नको."

रविवारी दुपारी बेल वाजली. गंगाधररावांनी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि बायकोकडे वळून, तोच असणार, अशी मान हलवली. इंदिराबाईंनी आतलं दार उघडलं. बाहेरचं जाळीचं दार कडी लावून बंद होतं.

महेश पंचविशीतला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, कुणाच्याही लग्नात पंगतीत वाढताना दिसावा असा पोरगा होता. डोळे लाल.

"होस्टेलचा वॉचमन म्हनला, तुमी आलत्या." आवाज अजून मवाळच होता. "कुठं हाय ती?"

"मला माहीत नाही." इंदिराबाई जाळीआडून म्हणाल्या.

"बाई, कुठं हाय ती?" त्याने जाळी दोन्ही हातांनी धरून हलवली. कडी खडखडली. गंगाधरराव मागून मोठ्याने म्हणाले, "पोलिसांना फोन लावलाय." समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा मिटलं.

"खरंच माहीत नाही. मी विचारलंच नाही."

त्याचे हात सुटले. तो जाळीपुढे खालीच बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. "मी काय करनार होतो का तिला? माझी बहीन हाय ती. आईनं सकाळपासून पुरन घातलंय. मी तिला काय करनार होतो का, बाई?"

रडणं खरं होतं. इंदिराबाईंना खऱ्या रडण्याची पारख होती. या पोराला पाणी द्यावं, डोक्यावरून हात फिरवावा, असं त्यांना इतकं आतून वाटलं की त्यांचा हात कडीपर्यंत गेला. गंगाधरराव दबक्या आवाजात ओरडले, "इंदू!" कडीवरचा आपला हात इंदिराबाईंना दिसला. दारापलीकडच्या पोराची जेवढी वाटत होती तेवढीच भीती त्यांना त्या हाताची वाटली. त्यांनी तो मागे घेतला आणि पदरात गच्च धरून ठेवला.

महेशने वर पाहिलं. "सगळ्या दुनियेत तुमाला एकटीलाच माझं कळत व्हतं, बाई. तुमाला तर कळतं ना?"

"कळतं," इंदिराबाई म्हणाल्या. "म्हणूनच ती कुठे चाललीय ते मी तिला सांगू दिलं नाही."